हजेरी आणि हजारी : सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
(बालकामगारविरोधी जिल्हा कृती दलाचे प्रमुख या नात्याने)

सप्रेम नमस्कार.

आम्ही पाच-सहा निवृत्त शिक्षिका दरवर्षी वर्गणी काढून आमच्या जुन्या शाळेतल्या गरजू मुलांना गणवेश देतो. दुकानापेक्षा थेट कारखान्यात स्वस्त पडतात, म्हणून गेल्या जूनमध्ये मी शहरातल्या एका गारमेंट युनिटमध्ये गेले होते. सोमवारचे सकाळचे अकरा वाजले होते. शाळा सुरू होऊन आठवडा उलटला होता. शिलाई मशिनींच्या रांगेपलीकडे पांढऱ्या शर्टांचा ढीग होता आणि त्या ढिगाशी मांडी घालून एक मुलगा बसला होता. हातात धागे कापायची छोटी कात्री. शर्ट उचलायचा, कॉलर, बाह्या, काजं, खालची पट्टी असा सगळा फिरवायचा, लोंबणारे धागे कापायचे आणि घडीवाल्याकडे सरकवायचा. मी सवयीने विचारलं, "कितवीत आहेस रे?" त्याने आधी कटिंग मास्तरकडे बघितलं आणि मग म्हणाला, "पंधरा चालू हाय."

मी इयत्ता विचारली होती, त्याने वय सांगितलं. चेहऱ्यावरून बारा-तेराच्या पुढचा नव्हता. तेहतीस वर्षं मी मुलांचे चेहरे बघत आले आहे, एवढं कळतं.

त्या दिवशी मी गणवेश घेऊन मुकाट्याने घरी आले, याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तक्रार केली. काही दिवसांनी पथक गेलं तेव्हा तिथे कुणी मूल नव्हतं. कागदावर प्रकरण मिटलं. मला मात्र त्याचं ते उत्तर सोडेना, कारण ते मी लहानपणी घरात ऐकलेलं होतं.

आमचे ताता, म्हणजे माझ्या आईचे वडील, पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा इथल्या एका गिरणीत लागले. रिंग खात्यात डॉफर. सुताने भरलेल्या बॉबिन काढायच्या आणि रिकाम्या चढवायच्या, हे काम तेव्हा पोरांचंच असे. बोटं बारीक लागत आणि मजुरी कमी पडे. त्या काळी नऊ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायला बंदी होती. नऊ ते चौदाच्या मुलांना अर्धवेळ ठेवता येई, कापडगिरणीत दिवसाला सहा तास. त्यांना 'हाफ टायमर' म्हणत. ताता सात वर्षांचे असावेत. जन्मतारीख कुणाला ठाऊक? दाखला देणारा डॉक्टर तोंड उघडायला लावून दात बघायचा आणि अंगकाठीवरून वय ठरवायचा. ताता सांगायचे, "माझ्या बापानं रात्रभर घोकून घेतलं होतं. कुणी काही पण विचारलं तर 'नऊ पूर्ण' म्हणायचं." साहेबाने त्यांना नाव विचारलं, तेव्हाही ते "नऊ पूर्ण" म्हणाले. ही गोष्ट सांगताना ते स्वतः हसत. आमची अव्वा, म्हणजे आजी, कधी हसली नाही.

नऊ पूर्ण आणि पंधरा चालू यांच्यामध्ये शंभर वर्षं गेली. कायद्यातला आकडा वर गेला आणि पोरांकडून घोकून घेतलेला आकडाही त्याच्या मागोमाग वर गेला. याच एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहिते आहे. आपली यंत्रणा मुलाचं वय शोधत राहते आणि वय लपवणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. लपत नाही ते काम. ते मोजलेलं असतं, वहीत लिहिलेलं असतं, त्याची मजुरी चुकती केलेली असते. मुलाला शोधायचं तर त्या वहीतून शोधायला हवं.

थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय आजचं नीट कळणार नाही. आपल्या शहरातली पहिली कापडगिरणी, जिला आपण सगळे जुनी मिल म्हणतो, ती १८७७ मध्ये सुरू झाली. तेव्हा देशात कारखान्यातल्या मुलांसाठी एक ओळीचाही कायदा नव्हता. पहिला कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांचं मूल, नऊ तास, आणि ही सुधारणा! तीसुद्धा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरतीच. त्या कायद्याला आपल्या देशी वृत्तपत्रांतूनही विरोध झाला, हे आज वाचताना जड जातं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हिंदी गिरण्यांची स्पर्धा नको होती आणि त्यांचा स्वार्थ या कायद्यामागे होता, असं म्हटलं जाई. तो होताच. पण त्या वादात यंत्रापाशी उभ्या असलेल्या पोराचा विचार फार थोड्यांनी केला. केला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांनी. १८८४ मध्ये मुंबईत साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारपुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्य मावळला की काम बंद, अशा साध्या मागण्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं.

पुढे १८९१ ला किमान वय नऊ झालं, १९२२ ला बारा आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने चौदा. १९२२ नंतर गिरण्यांतली मुलं झपाट्याने कमी झाली, हे खरं आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. गिरणीला दरवाजा होता, भोंगा होता, हजेरीचं रजिस्टर होतं आणि इन्स्पेक्टर आत येऊ शकत होता. जिथे मोजणारा पोहोचला, तिथे मूल सुटलं.

ते मूल गेलं कुठे, हा प्रश्न सोलापूरला विचारला पाहिजे. ते विडीच्या सुपाशी गेलं, मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या चरख्याशी गेलं. कामगारांची स्थिती तपासायला नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात लिहून ठेवलं की कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेरच्या धंद्यांत, विडीसारख्या कामांत, पाच-पाच वर्षांची मुलं दहा-बारा तास राबताना दिसतात. आईबापांनी उचल घेऊन मुलाचे हात गहाण टाकण्याची रीत तर इतकी रुळलेली होती, की १९३३ मध्ये तसा करारच रद्दबातल ठरवणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. मुलांचे श्रम गहाण टाकण्याविरुद्धचा कायदा! त्या कायद्याच्या नावातच तेव्हाची सगळी परिस्थिती दिसते.

माझी आई विडी वळायची. मीही वळली आहे. सातवीपर्यंत रोज संध्याकाळी आणि परीक्षा नसेल तेव्हा पहाटेसुद्धा. ही गोष्ट मी नोकरीत असताना कधी उघड बोलले नाही. आता बोलते, कारण हे काम बाहेरून बघणाऱ्याला खेळ वाटतो. घरच्या घरी, आईच्या शेजारी, गप्पा मारत. त्यात काय वाईट, असं मला एका अधिकारी बाईंनीच विचारलं होतं.

म्हणून एका मुलीबद्दल सांगते. नाव सांगत नाही. माझ्या वर्गात पाचवीत होती. तिला पंचवीसचा पाढा तोंडपाठ होता. पंचवीस एके पंचवीस पासून पंचवीस चाळीसे हजारपर्यंत न अडखळता. साताचा येत नव्हता, आठाचा येत नव्हता. पहिल्यांदा मला कौतुक वाटलं, मग एकदम उमजलं. विडीच्या कट्ट्यात पंचवीस विड्या असतात आणि हजारात चाळीस कट्टे. ती पाढा शिकली नव्हती, ती रोज रात्री माल मोजत होती. तिच्या वहीच्या पानांना तंबाखूचा वास यायचा. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख कडेला झिजलेलं, कारण विडीचं तोंड आत दुमडून दाबायचं काम तिचं. आई पान कापणार आणि वळणार, मोठी बहीण दोरा बांधणार, हिने तोंडं दाबायची. दुसऱ्या तासाला तिचे डोळे मिटायला लागायचे. मी तिला कधी ओरडले नाही, पण उठवायचे मात्र. आता वाटतं, झोपू द्यायला हवं होतं.

सहावीत ती महिनाभर आली नाही. मी घरी गेले. आईचा हात दुखावला होता. पण विडी कामगाराचं कार्ड चालू ठेवायचं तर कारखान्यात माल रोजच्या रोज गेला पाहिजे. खाडा पडला तर पान कमी मिळतं, पुढे कामावरच गदा येते. म्हणून आईच्या कार्डावर दोन मुली विड्या वळत होत्या. कार्डावर फोटो आईचा आणि वहीत नोंदही आईच्या नावाची. कुणी तपासायला आलं असतं तर त्या घरात एक प्रौढ कामगार बाई आणि "आईला मदत करणाऱ्या" दोन मुली दिसल्या असत्या.

मदत. या शब्दावरच सगळं अडलं आहे, महोदय. विडी आणि कापड विणणं ही दोन्ही कामं १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांसाठी मना केली, पण कुटुंबाच्या मदतीने घरात चालणाऱ्या कामाला सूट ठेवली. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही स्वतःच्या घरात कुटुंबासह काम करणाऱ्यांना अशीच सूट होती. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा ठरवलं. सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चांगलं झालं. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मदत करायची मुभा राहिली, फक्त तो धंदा धोकादायक नसावा. आता उंबऱ्याच्या आत काय धोकादायक आणि काय नाही, शाळा सुटल्यावर म्हणजे किती वाजेपर्यंत, हे कोण बघतं? आणि ज्याचं पान कारखानदाराचं, तंबाखू कारखानदाराची, दर कारखानदाराचा आणि छाट काढून विड्या बाद करायचा अधिकारही कारखानदाराचाच, तो धंदा त्या बाईच्या कुटुंबाचा कसा? तिच्या मालकीची तर फक्त कात्री असते.

आता हिशेबाकडे येते. सवयीची बाई दिवसाला हजार विड्या वळते असं धरलं, तर दहा तास सलग बसून दर छत्तीस सेकंदांना एक विडी पडली पाहिजे. त्यात पान भिजवणं, साच्याच्या मापाने कापणं, दोरा, तोंड, कट्टे बांधणं सगळं आलं. त्याच दिवसात तिला स्वयंपाक करायचा आहे, माल घेऊन कारखान्यात जायचं आहे, तिथे छाट होईपर्यंत थांबायचं आहे, आणि आपल्या शहरात काही दिवसांआड पाणी येतं, तो दिवस असेल तर तो भरून ठेवायचा आहे. ज्या वहीत एकाच बाईच्या नावावर महिनोन्महिने रोज हजार-हजार लागतात, त्या वहीत दुसरे हात आहेत. ते सासूचे असतील, जावेचे असतील. कधी ते अकरा वर्षांच्या मुलीचे असतात. हे शोधायला धाड लागत नाही. कारखान्यातली हजारीची, म्हणजे कुणी किती हजार विड्या आणून दिल्या त्याची, वही आणि त्याच गल्लीतल्या शाळेचा हजेरीपट, हे दोन कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. लग्नसराईत, सणाच्या आधी, आई आजारी असताना कुणाची हजेरी पडते आणि त्याच दिवसांत हजारी मात्र पडत नाही, हे शिक्षिकेला आणि कारखान्यातल्या कारकुनाला दोघांनाही माहीत असतं. त्यांना एकत्र बसवायचं काम फक्त तुम्ही करू शकता.

गारमेंट आणि यंत्रमागाचंही तसंच आहे. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, आपले गणवेश देशभरच्या शाळांत जातात. मला याचा अभिमान आहे, माझं अर्धं कुळ मागावर गेलं आहे. पण धागे कापणं, बटणं लावणं, घड्या घालणं, कांड्या भरणं ही कामं नगावर उक्ती दिली जातात. नगावर दिलेलं काम पिशवीत भरून घरी जातं आणि घरी गेलेल्या कामाचं रजिस्टर नसतं. मोठ्या खरेदीदाराच्या माणसाला कारखान्याचा हॉल दाखवला जातो, ती पिशवी त्याला कुणी दाखवत नाही. दर कारखानदाराला उक्त्या कामाची वही ठेवायला लावा, त्यात कुणाला किती नग दिले ते लिहायला लावा. प्रामाणिक कारखानदाराला यात काही जड जाणार नाही. असे पुष्कळ आहेत, त्यांना मी ओळखते.

दरवर्षी १२ जूनला, बालकामगारविरोधी दिनाच्या आसपास, चहाच्या टपऱ्या आणि हॉटेलं तपासली जातात. ती तपासावीतच. पण कपबशा धुणारा मुलगा रस्त्यावरून दिसतो म्हणून सापडतो. जास्त मुलं जिथे आहेत तिथे रस्त्यावरून काही दिसत नाही. आणि सापडलेल्या मुलाचं पुढे काय होतं? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सांगितलं, मालकाकडून प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये घेऊन त्या मुलाच्या कल्याणासाठी ठेवा. २०१६ च्या कायद्याने मालकाचा दंड मुलाच्या पुनर्वसन निधीत टाकायचा आणि सरकारने दर मुलामागे पंधरा हजार घालायचे, असं ठरवलं. आपल्या जिल्ह्यात आजवर किती मुलांच्या नावे हा पैसा जमा झाला आणि त्यातलं किती मूल आज शाळेत आहे, एवढी दोन उत्तरं दरवर्षी जाहीर करा. नावं नकोत, आकडे पुरेत.

राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाच्या शाळा आपल्या जिल्ह्यातही होत्या. कामावरून काढलेल्या मुलांना तिथे वर्ष-दोन वर्षं शिकवून, वयाच्या वर्गात बसवून नियमित शाळेत पाठवलं जाई. शेवटी शेवटी महिना चारशे रुपये विद्यावेतन होतं. त्या शाळांत उणिवा होत्या, मी आतून बघितल्या आहेत. भाडं थकायचं, शिक्षिकांचं मानधन महिनोन्महिने यायचं नाही. तरी माझ्या वर्गात तिथून आलेल्या मुलांपैकी काही दहावी झाली. २०२१ पासून तो प्रकल्प समग्र शिक्षा योजनेत विलीन झाला. कागदावर मुलं शाळाबाह्य मुलांच्या यादीत गेली. पण शाळाबाह्य मूल म्हणजे कोण? ज्याचं नाव पटावर आहे, जो आठवड्यातून दोन दिवस येतो आणि उरलेले दिवस सुपाशी बसतो, तो कुठल्याच यादीत बसत नाही. मला त्याची काळजी आहे. त्याच्यासाठी विडी वसाहतीत, घरकुलात, यंत्रमागाच्या गल्ल्यांत संध्याकाळी पाच ते आठ चालणारे वर्ग हवेत, कारण कामाची वेळ तीच आहे. मूल त्या वेळी दुसरीकडे असलं, तर कामाला हात उरत नाही.

एक विनंती मात्र कळकळीने करते. आईला पकडू नका. कायदाही पालकांना पहिल्या वेळी शिक्षा करत नाही, दुसऱ्यांदा मात्र दहा हजारांपर्यंत दंड आहे. विडी वळणारी बाई दहा हजार कुठून आणणार? ती पुन्हा मुलीच्याच बोटांतून काढणार. "पोरीनं हात लावला नाही तर चूल कशी पेटायची मॅडम?" हे मला शंभर वेळा ऐकवलं गेलं आहे आणि त्यावर माझ्याकडे शिक्षिका म्हणून उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे. किमान वेतनाचा हजारीचा दर प्रत्यक्ष हातात पडतो का, पान कमी देऊन पूर्ण माल मागितला जातो का, छाटेच्या नावाखाली किती विड्या फुकट जातात, हे तपासायचा अधिकार शासनाचा आहे. मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या कामात घर चालत नाही, तेव्हाच लहान हात लागतात. माझ्या आईला तिच्या हजार विड्यांचे पूर्ण पैसे मिळाले असते, तर तिने मला पहाटे उठवलं नसतं. हे ती स्वतः म्हणायची.

या पत्रासोबत मी चार वर्गांच्या हजेरीपटांतून काढलेल्या नोंदी आपल्या कार्यालयात देत आहे. मुलांची नावं काढून टाकली आहेत, फक्त महिने, खाडे आणि शिक्षिकांचे शेरे ठेवले आहेत. ज्या गल्ल्यांतली ती मुलं होती, तिथल्या कारखान्यांच्या हजारीच्या वह्या माझ्या हातात येऊ शकत नाहीत, तुमच्या येऊ शकतात. पहिली जुळणी करायला आपण कुणाला बसवलंत, तर मी आणि माझ्या दोन मैत्रिणी त्यांच्या शेजारी बसून मदत करू. शेरे वाचता येतील असे नाहीत, ते आम्हालाच उलगडतील. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा खाडे वाढतात. त्याआधी सुरुवात झाली तर बरं होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर